डोळ्यातला दिवा

दिवा बघायला बाया यायच्या. आमच्या घरात, माझ्या लेकराच्या डोळ्यातला दिवा. देवळात यावं तशा उंबऱ्याबाहेर चपला काढून आत यायच्या, आन् माझी सासू झुंबरबाई पोराला मांडीवर आडवं घेऊन त्याच्या तोंडापुढं दिवा धरायची. "हितून बघा, हितून," म्हनायची. लढाईमुळं घासलेट मिळायचं बंद झालं हुतं. करडीच्या तेलाचा दिवा, त्याचा उजेड तो केवढा! पन त्या अंधाऱ्या घरात पोराच्या डाव्या बाहुलीत पांढरं लखलखायचं, मांजराच्या डोळ्यात लखलखतं तसं. "मढीच्या नाथानं दिवा लावलाय माझ्या नातवाच्या डोळ्यात," सासू सांगायची, आन् बाया हात जोडायच्या. एकीनं तर नारळ आनला. माझ्या डोक्यात अशी तिडीक जायची म्हनून सांगू!

पोर दिवसभर माझ्यापाशी. मला कळत न्हवतं व्हय? उजवीकडून खुळखुळा दावला का माझा मच्छिंद्र हात पुढं करायचा. डाव्या डोळ्यापुढं बोट नेलं का पापनीसुद्धा हलायची न्हाई. म्या सासूला सांगितलं, "आत्या, ह्याला डाव्या डोळ्यानं दिसत न्हाई."

"तुझ्या तोंडाला काय हाड हाय का न्हाई?" ती म्हनली. "देवाच्या दिव्याला आंधळं म्हनतीस?"

आता हे पोर नवसाचं. त्याच्या आधीची माझी दोन लेकरं गेली, एक तापानं, एक हगवनीनं. मी अंथरुनाला खिळलेली, म्हनून दोन्ही सासूनं आपल्या हातानं पुरली. मग ती चालत मढीला गेली आन् नवस बोलली. पुढचं लेकरू जगलं तर त्याचं पहिलं जावळ फाल्गुनातल्या यात्रेला नाथाच्या पायरीवर काढू, आन् तोवर त्याच्या अंगाला लोखंड लागू देनार न्हाई.

बोलली ती, पाळायचं म्या. पोराची नखं म्या दातानं कुरतडायची. पाळन्याला खिळा न्हाई, समदा दोरीनं बांधलेला. मी विळीवर भाजी चिरायला बसले का सासू पोराला उचलून अंगनात न्यायची. देवी टोचायला सरकारी मानूस वस्तीवर आला, तवा तिनं पोराला ज्वारीच्या कनगीमागं लपवलं आन् त्याला सांगितलं, आमच्यात लहान लेकरूच न्हाई. मी गप बसले. पोर जगावं म्हनून समदंच गोड मानून घेत हुते.

दिवाळीच्या आसपास डोळा लाल झाला. मग सुजला, पुढं आल्यागत दिसाया लागला. पोर डोकं माझ्या छातीवर आपटायचं, दूध तोंडात धरायचं आन् सोडायचं. सासूनं गाईचं तूप घातलं. मग नाथाचा अंगारा आनून पापनीवर चोळला. त्या सुजल्या डोळ्यावर राख! पोर किंचाळलं. म्या तिच्या हातातनं वाटी हिसकावली आन् पोराच्या बापाला म्हनलं, "नगरला दवाखान्यात न्या. न्हाईतर मी निघाले चालत."

पोराचा बाप म्हंजे कारभारी. मानूस वाईट न्हाई. बैलाला कधी चाबूक मारत न्हाई. पन आईपुढं त्याच्या तोंडाला कुलूप. तिसगावच्या बाजाराला जातो असं आईला खोटं सांगून तो आमाला घेऊन निघाला. तिसगावातनं कोळशावर चालनारी मोटार. चढाला आली का थांबायची, मग मान्सं उतरून ढकलायची. पोर माझ्या पदराखाली कन्हत हुतं आन् मी मनात त्या मोटारीलाबी शिव्या घालत हुते.

मिशनच्या दवाखान्यात सारा नर्स भेटली. आमच्या तिसगावच्या ख्रिस्ती वाड्यातल्या योसेफ मास्तरांची लेक ती. वळखीचं मानूस बघून मला रडू फुटलं. तिनं आमाला डॉक्टरीन मडमेकडं नेलं. मडमेनं पोराच्या डोळ्यात थेंब घातले, खिडक्या लावून घेतल्या आन् अंधारात दिवा धरून बघितलं. पुन्यांदा दिवा! पन ही बाई काय हात जोडत न्हवती. बघता बघता तिचं तोंड उतरलं.

मडम बोलली ते सारानं नीट समजावून सांगितलं. "राहीबाई, तो दिवा नाही. डोळ्याच्या आत गाठ आहे. कॅन्सरची गाठ. ह्या डोळ्यानं आता कधीच दिसायचं नाही. पण गाठ अजून डोळ्याच्या आतच असावी असं मडमना वाटतं. डोळा काढून टाकला तर पोर वाचायची आशा आहे. थांबलात तर गाठ मागच्या बाजूनं डोक्यात शिरेल. मग कुणाच्या हातात काही उरणार नाही."

"काढा," म्या म्हनलं. "आत्ताच्या आत्ता काढा."

मडमेनं पोराच्या बापाकडं बघितलं. त्याचा होकार पायजे हुता, तशी रीतच हुती. नऊ महिनं पोटात वागवलं म्या, नखं कुरतडली म्या, आन् होकार त्याचा! आन् हा बाबा काय म्हनला? "आईला इचारावं लागंल."

मी तिथंच त्याला नाही नाही ते बोलले. सारा माझा हात धरून गप करत हुती. त्यानं मान खाली घातली, पोराला खांद्यावर घेतलं आन् बाहेर चालाया लागला. मग मी काय करनार? गेले मागं.

घरी आल्यावर समदं बाहेर पडलं. बाजाराचं खोटं, दवाखाना, गाठ. सासूनं ऐकून घेतलं. मग ती म्हनली, "फाल्गुनात जावळ हुईल. मग काय कापायचं ते कापा. त्याच्या आधी न्हाई."

"आत्या, फाल्गुनाला चार महिनं हायेत. तवर पोर ऱ्हाईल का?"

"लोखंड लावल्यावर ऱ्हाईल का?" ती वरडली. "दोन पुरलीत म्या, राही. ह्या हातांनी. वरनं काटे म्याच टाकले, कुत्र्यांनी उकरू नये म्हनून. नाथाचा शब्द मोडून तिसरं पुरायला लावतीस व्हय मला?"

मला सांगा, असल्या बाईवर रागवायचं तरी कसं? पन राग आला. लई आला. कारन तिला भ्या वाटत हुतं, मलाबी वाटत हुतं, आन् तिचंच भ्या घरात मोठं. माझं भ्या म्हंजे सुनेचा हट्ट! पोराचा बाप खांबाला टेकून बसलेला. त्याला म्हनलं, "अहो, बोला की कायतरी." तो उठला आन् बैलांना वैरन टाकायला गेला. बैलांना वैरन! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

सकाळी ऊन अंगनात आलं. पोर रडून रडून दमलं हुतं. वाकळा शिवायच्या टोपल्यातनं म्या कातर काढली आन् अंगनाच्या मधोमध, समद्यांना दिसंल अशी बसले. पोराला मांडीत घेतलं. त्याचं जावळ लई दाट, मानेवर कुरळं आलेलं, कुनाचीबी नजर लागावी असं. म्या पहिली बट धरली आन् कातरली.

सासू परसात शेन्या थापत हुती. आवाज कसला तो, कचकन एकदा, पन तिनं ऐकला. धावत आली. तवर म्या दुसरी कातरली हुती, तिसरी कातरली हुती. केस माझ्या पदरात पडत हुते. सासूनं किंकाळी फोडली आन् मातीत बसून कपाळ बडवाया लागली.

"लागलं लोखंड," म्या म्हनलं. "मोडला नवस. म्या मोडला, माझ्या हातानं. नाथाला काय करायचं ते मला करू दे, पोराला न्हाई. आता फाल्गुनाची वाट कशापायी बघायची? सांगा, आता काय ऱ्हायलं जपायचं?"

पोराचा बाप गोठ्यातनं आला. मारायला हात उचलला त्यानं, लग्न झाल्यापासनं पहिल्यांदा.

"मारा," म्या म्हनलं. "मारून झालं का गाडी जुपा."

त्याचा हात तसाच वर ऱ्हायला. मग त्यानं पोराकडं बघितलं. अर्धं डोकं भादरलेलं, अर्ध्यावर जावळ, आन् तो सुजलेला डोळा. त्यानं हात खाली घेतला आन् गाडी जुपली. दवाखान्यात मडमेपुढं जाऊन उभा ऱ्हायला आन् म्हनला, "व्हय. काढा." तेवढंच. एवढं सोपं हुतं तर आधी काय झालं हुतं, मेल्या? असं मनात आलं, पन त्याच्या तोंडाकडं बघून गिळलं.

पोराला आत नेलं तवा दारात मी बसले हुते. पदरात जावळाची गाठ बांधलेली. म्या नाथाला हात जोडले न्हाईत. म्हनलं, तुला केस पायजेत ना, हे बघ, माझ्यापाशी हायेत. पोर माघारी दे, मग बघू.

पोर माघारी आलं. तोंडाला औषधाचा वास, डोळ्यावर एवढी मोठी पट्टी. आमी दवाखान्याच्या आवारात तीन दगडांवर भाकरी भाजायचो आन् आळीपाळीनं पोरापाशी बसायचो. पोराचा बाप भाकरी थापायला शिकला. वाकड्या व्हायच्या, मी मुकाट खायची.

पट्टी सोडायच्या दिवशी सासू आली. कधी मोटारीत न बसलेली बाई, एकटी आली. माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. पट्टी सुटली. पापनी मिटलेली, आत खळगा. तिनं पोराला उचलून घेतलं, त्याच्या भादरलेल्या डोक्यावरनं हात फिरवला, आन् साराला म्हनली, "झालं ना आता?"

"नाही आजी," सारा म्हनली. "दुसऱ्या डोळ्यातही गाठ येऊ शकते. पोर मोठं होईपर्यंत जपायला हवं. अधूनमधून इकडं आणा, आणि घरीही बघत राहा."

"बघायचं कसं?"

"दिवेलागणीला. घरात अंधार झाला की दिवा धरून बाहुलीत बघा. काळी दिसली तर ठीक. पांढरं चमकलं तर तसंच उचलून घेऊन या."

सासूचं तोंड असं झालं, जसं काय तिला कुनी थोबाडीत मारली.

घरी आलो तशा दोघीतिघी बाया आल्या. एकीनं इचारलं, "झुंबरबाई, नाथाचा दिवा गेला व्हय गं?" सासूनं चुलीतलं जळकं लाकूड उचललं. "चालत्या व्हा! पुन्यांदा ह्या घरात दिवा बघायला आलात तर तंगड्या मोडीन!" बाया पळाल्या. मला हसू आलं, आन् लगेच राग आला. हेच लाकूड आधी का न्हाई उचललं, मी सांगत हुते तवा?

फाल्गुनात ती मढीला निघाली. माझ्यापुढं हात पसरला. म्या जावळाची गाठ तिच्या हातावर ठेवली. नाथाला ती काय बोलली ते तिला ठावं. म्या इचारलं न्हाई. मी तिच्याशी बोलतच न्हवते. वाढायचे, पानी द्यायचे, पन बोलनं न्हाई. आमचं बोलनं एवढंच. दिवेलागन झाली का ती पोराला मांडीवर आडवं घ्यायची, तोंडापुढं दिवा धरायची, आन् मी चुलीपासनं इचारायची, "दिसतंय का?"

"न्हाई. काळं हाय."

तेवढं ऐकलं का मी भाकरी उलटायची.

परवा म्या इचारलं आन् तिनं उत्तर दिलं न्हाई. म्या पुन्यांदा इचारलं. तरी न्हाई. माझ्या हातातली भाकरी पडली. धावत गेले तर ती दिवा धरून बसलेली, ज्योत हलतेय, डोळ्यातनं पानी वाहतंय आन् पोर तिच्या नाकाला हात घालतंय.

"काय दिसलं?" मी वरडले. "बोला की, आत्या, काय दिसलं?"

तिनं दिवा माझ्याकडं सरकवला.

"तू बघत जा इथनं पुढं," ती म्हनली. "माझ्या बघन्यावर इसंबू नको. मागंबी म्याच बघितलं हुतं."

म्या दिवा घेतला. पोराला माझ्याकडं वळवलं आन् बघितलं. काळं हुतं.