आत नवरा, बाहेर कुलूप

कुलूप आणि संसार यांची कथा आमच्या चारकोपात तीन रूपांत सांगितली जाते. एकात नवरा बायकोला कोंडतो, दुसऱ्यात सासू सुनेला. तिसरे रूप दुर्मीळ असून त्यात नवरा स्वतःलाच कोंडून घेतो. मी त्या तिसऱ्या कथेतले पितळी कुलूप बोलतोय. घडले ते माझ्या देखत, म्हणून माझाच पाठ प्रमाण मानावा.

दत्ताराम गिरणीत होता तोवर त्याने मला विकतही घेतले नाही. बाईमाणूस घरात असताना कुलूप कशाला, असे तो म्हणे. सुलक्षणाने, म्हणजे त्याच्या बायकोने, नोकरीचे नाव काढले की त्याची इज्जत जाई. पुढे संप झाला, गिरणीने त्याला परत घेतले नाही आणि सुलक्षणा जवळच्या कारखान्यात औषधांची खोकी भरू लागली. आता इज्जतीची काही हरकत नव्हती. इज्जतीला फक्त एक कुलूप हवे होते.

"जाताना बाहेरून लाव," तो म्हणाला. "विचारलंच कुणी, तर दोघंही कामावर जातो म्हण."

नवराबायकोपैकी कोणी कमवायला जावे, हे पगार, मुले आणि शेजारी ठरवतात. यांपैकी शेजारी दमडीही देत नाहीत, तरी अखेरचा शब्द त्यांचाच. त्यांच्यासाठी दत्ताराम दिवसभर चोरपावलांनी वावरे. भाजी चिरी, पण फोडणी देत नसे. वास बाहेर गेला असता.

एके दुपारी गिरणीतला त्याचा जुना सोबती लवू दारात आला. एका गोदामात हजेरी घेणाऱ्याची जागा त्याने दत्तारामसाठी अडवून ठेवली होती. मला पाहून तो थबकला. शेजारच्या शेवंतीने त्याला कौतुकाने सांगितले की, दोघेही कामावर असतात.

"दत्तारामाक काम लागला? बरा झाला," लवू म्हणाला. "मगे ही जागा भिकाजीक देतंय."

दत्ताराम आतून दाराला टेकून उभा होता. फळीचा थरकाप माझ्या कडीपर्यंत पोचला. हाक मात्र आली नाही.

संध्याकाळी शेवंतीकडून सगळे ऐकून सुलक्षणा आत आली.

"अहो, एक हाक मारायची होती."

"कुलूप लावलेल्या घरातून? शेवंती काय म्हणाली असती?"

दुसऱ्या सकाळी तिने मला खिळ्यावरच राहू दिले आणि दार सताड उघडे ठेवून ती कामावर गेली. थोड्या वेळाने शेवंती डोकावली.

"भावोजी, आज सुट्टी काय?"

दत्ताराम उठून दारापर्यंत आला.

"नाही वहिनी. मला काम नाही."