पाहुण्यांचे बूट

वारज्यातल्या त्याच्या शेतावर सोसायटी उभी राहिली आणि सोनबाला काही उद्योग उरला नाही. म्हणून सोसायटीने जुने बूट-चपला गोळा करायचं ठरवलं, तेव्हा ते काम त्याने मागून घेतलं. धड असतील ते दुरुस्त होऊन आश्रमशाळेत जाणार, बाकीच्यांचं रबर दळून मैदानावर अंथरणार. जन्मभर टायरच्या वहाणा घातलेल्या सोनबाची स्वतःबद्दल समजूत होती, की टाकाऊ बूट आपण लांबून ओळखतो. लोक परस्पर त्याच्या दारात जोड ठेवून जायचे.

त्या रविवारी नात संस्कृतीच्या कंपनीतला तेजस वडिलांना घेऊन आला. पोरांचं लग्नाचं आपसात ठरलेलंच होतं. वडिलांचा, रावसाहेबांचा होकार तेवढा बाकी होता. पोहे झाले, चहा आला आणि खाली बूट न्यायला आलेल्या टेम्पोने हॉर्न दिला. सोनबा पोतं घेऊन उठला. दारात एक जोड दिसला. तळ कितीदा बदललेला, टाचेला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. रावसाहेब मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांचे बूट असले कुठले असायला? सोनबाने जोड पोत्यात कोंबला, पोतं टेम्पोत चढवलं आणि हात झटकत पाहुण्यांत येऊन बसला.

निघताना रावसाहेब दारात थबकले. "माझे बूट दिसत नाहीत. टाचेला ठिगळ आहे."

सोनबाने खाली रस्त्याकडे बोट दाखवलं. "ते... टेम्पोत गेलं."

"आजोबा, सीरियसली?" संस्कृतीने कपाळाला हात लावला.

"म्या म्हटलं, असलं कोण घालतंय!" सोनबा बोलून गेला. आपली जीभही पोत्यातच घालायला हवी होती, असं त्याला वाटलं.

"मी घालतो," रावसाहेब म्हणाले. "टेम्पो कुठे जातो?"

कर्वेनगरच्या शेडमध्ये दोघे ढीग उपसायला बसले. बूट सापडले. ते पायात घालून रावसाहेबांनी आणखी एक जोड उचलला. "नुसती शिलाई उसवली आहे. हाही घेतो."

"ठेवा खाली! पोरांचं हाय त्ये!" सोनबाने जोड हिसकावला. मग आपण कोणावर ओरडलो, हे त्याच्या ध्यानात आलं. "आवं... तेवढ्यासाठी पोरीला नाही म्हणू नका."

"मुलीला माझा होकार आधीपासून होता," रावसाहेब बुटाची नाडी बांधत म्हणाले. "शंका तुमच्याबद्दल होती. ती अजून आहे."

सोनबा एवढा हरखला, की उठता उठता घसरला आणि व्याह्यांच्या पुढ्यात ढिगातच बसला.