दिसणारी गाठ

“तोडू नका ताई, हात जोडतो! त्या गाठीनं झाड मरत न्हाय.” सिद्धाप्पानं अंगणातल्या निलगिरीचं पान घरमालकीण उत्कर्षाताईंच्या नाकाशी धरलं. शिरेवर फुगीर गाठी होत्या. “बारीक गांधीलमाशी अंडी घालती हितं. मग झाडच पिल्लाभोवती गाठ बांधतं, त्येला खाऊ घालतं. पावण्याला खोली दिल्यावानी.”

मग त्यानं घराच्या दाराची चौकट ठोकली. रंग नवाकोरा, आवाज मात्र पोकळ! स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तर तो आतच गेला. “ही वाळवी. आतनं समदं खाती अन् वर पत्ता लागू देत न्हाय. दिसतं त्येला भ्यायचं न्हाय ताई, दिसत न्हाय त्येला भ्यायचं.”

वाळवीचं औषध मारण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली होती आणि हे वाक्य त्यानं निम्म्या सोलापूरला ऐकवलं होतं. समोरचा चाट पडला की गडी खूश! बायको राजाबाई पंप धरायला रोज बरोबर असायची. दोघं वळसंगहून एकाच गाडीवर यायची. वाक्य तिलाही तोंडपाठ होतं.

झाड वाचलं. दुपारी त्याच्याच सावलीत दोघं भाकरी खायला बसली.

“अगं, सकाळधरनं उजवा हात का उचलंना तुजा?”

“काखंत गाठ आली हाय. दिवाळीच्या आदीपास्नं,” चटणीवर तेल घेत ती सहज म्हणाली. “दुकत न्हाय. अन् चांगली वरनं दिसती की! तुमीच म्हनता न्हवं, दिसतं त्येला भ्यायचं न्हाय?”

सिद्धाप्पानं हातातली भाकरी खाली ठेवली. “अगं येडे, त्ये झाडाचं गं!”

सगळ्या गावाला शहाणं करत हिंडला, आणि घरची बाई त्याच्याच शब्दावर विसंबून बसली होती. त्याला स्वतःची लाज वाटली. भीती तर त्याहून जास्त. उरलेलं काम तसंच टाकून त्यानं गाडीला किक मारली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गाठ चाचपली, तशा त्या गंभीर झाल्या. “इतके महिने अंगावर काढलंत?”

“भ्यायचं कारन न्हाय, आसं आयकलं हुतं.”

“कुणी सांगितलं तुम्हाला असलं?”

राजाबाईनं नवऱ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. “शेजारची एक बाई म्हनली.”

सिद्धाप्पानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि तो उभा राहिला.

“न्हाय बाई,” तो म्हणाला, “म्या सांगितलं.”