पुढे कुंकू, मागे अठराशे तेरा

जयवंतराव जगताप खोटं बोलत नसत. वाढवून बोलत. उभी नोकरी विमा विकण्यात काढलेल्या माणसाला या दोहोंतला फरक समजावून सांगायच्या भानगडीत घरातलं कुणी पडत नसे. पडायची ती एकटी मोहना, त्यांची पुतणी.

"चार ओळी हव्यात," ते म्हणाले. "दगडावर कोरायच्यात. पाल्हाळ नको."

बडोद्याच्या निजामपुऱ्यात मराठी मंडळाची अभ्यासिका बांधून तयार होती. जागा जगतापांनी दिलेली, म्हणून तिला नाव जयवंतरावांच्या वडिलांचं, दत्तात्रेय ऊर्फ तात्या जगतापांचं. दसऱ्याला उद्घाटन. दारापाशी काळ्या ग्रॅनाइटचा फलक लागणार होता. त्याचा मजकूर मोहना लिहील आणि खाली तिचं नाव येईल, असं काकांनी मंडळात परस्पर जाहीरही करून टाकलं होतं. मोहना नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात प्रयोगशाळा सांभाळायची आणि उरलेल्या वेळात वर्तमानपत्रांतून लिहायची. असं लिहायची की छापून आल्यावर आठवडाभर चार माणसं तिला बघून रस्ता बदलायची.

"काय लिहू?" तिनं विचारलं.

"'जर्मनीचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवणारे पहिले बडोदेकर.' बास."

"कशावरून?"

"पदक घरात आहे. दर खंडेनवमीला तूच त्याला फूल वाहतेस आणि वर मलाच विचारतेस कशावरून?"

पदक होतं, हे खरंच. चारी हात टोकाला पसरट असलेला काळा लोखंडी क्रूस. खंडेनवमीला शस्त्रांची, अवजारांची पूजा मांडायची, त्यात लाल कापडावर जुन्या तलवारीशेजारी तो ठेवला जायचा. त्याला हळद, कुंकू, गंध, वर झेंडूचं फूल. पूजेतली वस्तू घासायची नाही, असं घरात कुणीतरी कधीतरी ठरवलं होतं, त्यामुळे पुढच्या बाजूवर कुंकवाची साल चढली होती, भिंतीवरच्या रंगासारखी जाड. मागची बाजू तेवढी स्वच्छ. तिथे आकडा होता, १८१३. हा पदकाचा क्रमांक, म्हणजे तात्या हे पदक मिळवणारे जगातले अठराशे तेरावे वीर, असा हिशेब जयवंतरावांनी लावला होता. विम्याच्या पॉलिसीला नंबर असतो, मग पदकाला का नसावा?

"आणि पुढे स्वस्तिक आहे," ते पाहुण्यांना सांगायचे. "कुंकवाखाली. म्हणून तर पुजतो."

ते स्वस्तिक कुणीही पाहिलेलं नव्हतं.

मोहनाला आजोबा अंधुक आठवायचे. इंग्रजांच्या फौजेतून आफ्रिकेच्या वाळवंटात गेले, तिथे पकडले गेले, युद्ध संपेतो जर्मनीत कैदेत होते. सुटून आले ते प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये लागले आणि युद्धाबद्दल मरेपर्यंत अवाक्षर बोलले नाहीत. त्यांच्या गप्प राहण्यात जी जागा रिकामी सुटली, ती काकांनी भरून काढली.

"काका, जर्मनीनं शौर्यपदक दिलं असेल तर ते कुणासाठी लढले म्हणून? हिटलरसाठी. माणसं भट्टीत घालणाऱ्यासाठी. पकडलेल्या हिंदी सैनिकांतल्या काहींनी जर्मन गणवेश चढवला होता, हे खरं आहे. आजोबा त्यांतले असतील तर अभ्यासिकेच्या दारावर मिरवायची गोष्ट आहे का ही?"

"शौर्य ते शौर्य."

"मग ऐका. पदकं मिळालेल्या जर्मन सैनिकांवर जाडजूड पुस्तकं आहेत. नाव, जन्मगाव, तुकडी, कुठल्या लढाईत काय केलं, सगळं. मी ती शोधते. आजोबांचं नाव त्यात निघालं तर निघालं असं लिहीन, पण त्याचं कौतुक माझ्या हातून होणार नाही. नाही निघालं तर तुमचा 'सर्वोच्च' दगडावर चढणार नाही. माझं नाव खाली असताना तर नाहीच."

"शोध ना!" काका खूश झाले. "अठराशे तेरावा नंबर बघ म्हणजे झालं."

पुस्तकं असतात हे म्हणणं सोपं. बडोद्यात ती कुठे असणार? मोठ्या ग्रंथालयात युद्धावर दोन कपाटं भरून पुस्तकं होती. रणगाडे होते, विमानं होती, सेनापतींची चरित्रं होती. पदक कुणाला मिळालं, हे सांगणारं एक नव्हतं. विद्यापीठाच्या जर्मन विभागात कविता होत्या, व्याकरण होतं आणि एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "असलं वाचायला इथे कोण येतं हो?" मोहना म्हणाली, "मी आलेय ना!" आणि निघाली. इंटरनेटवर ते खंड दिसत होते, पण आतली पानं कुणी दाखवत नव्हतं, आणि परदेशातून मागवले असते तर दसरा होऊन दिवाळी आली असती. संकेतस्थळांवरची माहिती तिनं वाचलीच नाही असं नाही. पण एका ठिकाणचं दुसऱ्या ठिकाणी उचललेलं, दुसऱ्याचं तिसऱ्या. असल्या उष्ट्या माहितीवर दगड कोरायचा नसतो, एवढं तिला कळत होतं.

शेवटी तिनं डोकं चालवलं. ही पुस्तकं इतिहासवाले घेत नसतील तर कोण घेत असेल? पदकं विकत घेणारे. नकली माल गळ्यात पडू नये म्हणून त्यांना ती लागणारच. मांडवीत जुनी नाणी विकणाऱ्याला तिनं विचारलं. तो हसला. "डभोईना दातना डॉक्टर! हर्षदभाई. दात ओछा काढे, चंद्रक वधारे भेगा करे." दात कमी काढतो, पदकं जास्त गोळा करतो.

रविवारी ती बसनं डभोईला गेली.

हर्षदभाईंचा दवाखाना हिरा भागोळ या जुन्या वेशीच्या वाटेवर होता, आणि दवाखान्यामागच्या खोलीत भिंतभर ते होते. जर्मन पुस्तकं, इंग्रजी पुस्तकं, अक्षरवार लावलेले खंड, प्रत्येक पानावर गणवेशातला फोटो. मोहनाला एकदम भूक लागल्यासारखं झालं. इतके दिवस शोधलेली गोष्ट समोर दिसली की तिला भूकच लागायची.

"बेसो बेन," हर्षदभाई म्हणाले. "कयुं नाम?"

तिनं नाव सांगितलं. जेचा खंड काढला, जगतापच्या जवळपासची सगळी स्पेलिंगं पाहिली. नव्हतं. डीचा काढला, तिथेही नव्हतं. परदेशी वंशाच्या लोकांची वेगळी पुरवणी होती, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. नव्हतं. मोहनाच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. आजोबांनी तो गणवेश घालून काही मिळवलं असेल ही भीती मनात केवढी होती, हे तिला ती उतरल्यावर कळलं.

"पण यावरून सुटायचं नाही हं," हर्षदभाईंनी लगेच टोचलं. दाताचे डॉक्टर, टोचल्याशिवाय कसे राहणार? "या खंडांत फक्त वरच्या दर्जाचे. गळ्यात घालायचा क्रूस मिळालेले. ते काही हजार. छातीवरचा साधा क्रूस लाखोंना दिलाय, त्यांचं पुस्तक कोण छापणार? तुमचा कुठला?"

"छोटा. मागे नंबर आहे. अठराशे तेरा."

डॉक्टर एवढ्या मोठ्यानं हसले की बाहेर बसलेल्या पेशंटनं दारातून डोकावून पाहिलं. त्यांनी एक जाड पुस्तक काढून तिच्यापुढे आपटलं. पानभर क्रूस, पाठमोरे. प्रत्येकावर १८१३.

"ए नंबर नथी, बेन. साल आहे. प्रशियाच्या राजानं हे पदक पहिल्यांदा काढलं ते साल. लाखो क्रूसांवर हेच. पुढे बघा, पुढे खरं साल असतं. हिटलरच्या वेळचा असेल तर मधे स्वस्तिक आणि खाली एकोणीसशे एकोणचाळीस. तुमच्यावर पुढे काय आहे?"

"पुढे कुंकू आहे," मोहना म्हणाली.

खंडेनवमीच्या सकाळी लाल कापड अंथरून झालं होतं. तलवार, विळी, कात्री, काकांच्या स्कूटरची किल्ली, मोहनाची प्रयोगशाळेतली पिपेट, सगळं मांडलेलं. इंदूरला दिलेली नलिनीआत्या, जयवंतरावांची थोरली बहीण, उद्घाटनासाठी आली होती. ती खुर्चीत बसून फुलं निवडत होती. दगडवाल्या कनुभाईचा फोन दोनदा येऊन गेला होता. मशीन रिकामं आहे, मजकूर पाठवा, नाहीतर उद्या कोरा दगड लावा.

मोहनानं कापडावरून क्रूस उचलला.

"कुठे नेतेस?"

"धुवायला."

"पूजेची वस्तू आहे ती!"

"मांडली आहे, अजून पुजली नाही. काका, मी रोज ॲसिडाच्या बाटल्या हाताळते, तुमचं लोखंड बिघडवणार नाही. स्वस्तिक आहे म्हणता ना? मग घाबरता कशाला?"

"घाबरतो कोण?"

"धू गं तू," आत्या फुलांवरून नजर न उचलता म्हणाली. "तात्यांनी कधी असा वेगळा पुजला नव्हता तो."

काका थबकले. मोहना स्वयंपाकघरात गेली. कोमट पाणी, कापूस, दातकोरणं. कुंकू आधी चिखल झालं, मग त्याचे पापुद्रे सुटायला लागले. बेसिनमध्ये लाल पाणी वाहिलं. काका येऊन तिच्या मागे उभे राहिले, त्यांचा श्वास तिला मानेवर जाणवत होता.

मधे स्वस्तिक नव्हतं. मधे इंग्रजी डब्ल्यू होता. वर राजाचा मुकुट, खाली १९१४.

"एकोणीसशे चौदा," मोहनानं मोठ्यानं वाचलं. "हे आधीच्या महायुद्धातलं. कैसरच्या वेळचं. आजोबा कधी जन्मले, काका?"

तात्यांचा जन्म एकोणीसशे अठराचा, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

"आणि हे काय?" मोहनानं क्रूस उजेडात धरला. चारपैकी एका हाताची कड कानशीनं घासून पातळ केलेली होती. "पदकाला कुणी धार लावतं का?"

"तात्यांनी लावली," बाहेरून आत्या म्हणाली. "ग्रीसचे डबे उघडायला."

दोघं बाहेर आले. आत्यानं फुलं बाजूला ठेवली.

"त्यांच्या हत्यारांच्या पिशवीच्या कडीला असायचा तो. पाने, कानस, हातोडी आणि हा. खंडेनवमीला अख्खी पिशवी पुजायचे. फिटरची अवजारं, पुजणारच. तात्या गेल्यावर तू पाने वर्कशॉपमधल्या पोरांना वाटून टाकलेस, जयवंता. हा दिसायला वेगळा म्हणून ठेवून घेतलास आणि तलवारीशेजारी नेऊन बसवलास. मी तेव्हा इंदूरला. मला वाटलं हौसेनं ठेवला असशील. तू त्याला शौर्यपदक करून ठेवलंयस, हे मला परवा निमंत्रणपत्रिका वाचून कळलं."

"मग तो आला कुठून?" काकांनी विचारलं.

"मला एकदाच, मी फार मागे लागले म्हणून सांगितलं होतं तात्यांनी. कैद्यांना शेतावर कामाला धाडायचे. तिथे एक म्हातारा जर्मन होता. त्याच्या नातीच्या डोक्यात उवा, आणि साबण औषधालासुद्धा मिळेना. कैद्यांना रेडक्रॉसच्या पेटीतून साबण यायचा. तात्यांनी वडी दिली. म्हाताऱ्यानं हा काढून दिला. तात्या म्हणाले, मला नको. म्हातारा म्हणाला, घे, मला याचा काही उपयोग झाला नाही." आत्या हसली. "तात्यांनी मात्र उपयोग करून दाखवला."

जयवंतराव पाटावर बसले. गुडघे दुखतात म्हणून ते कधी पाटावर बसत नसत.

"ऑफिसात सांगितलंय मी. क्लबात सांगितलंय. सुनेच्या माहेरी सांगितलंय. आता काय तोंड दाखवू?"

मोहनाला दया आली, पण तिच्या दयेचा आवाज तिच्या रागासारखाच यायचा. "हेच दाखवा. काका, तुम्ही त्यांना हिटलरच्या पंगतीला नेऊन बसवत होतात. मी त्या पुस्तकांतली पानं उलटली तेव्हा प्रत्येक पानाला देव आठवत होते, की नाव निघू नये. निघालं नाही. शत्रूच्या मुलखात कैदी असताना स्वतःची साबणाची वडी शत्रूच्या नातीला देणारा माणूस तुमचा बाप आहे. याहून वाढवून काय सांगणार होतात तुम्ही? विमा विकता विकता कधी एवढा चांगला माल हातात आला होता का?"

आत्या खळखळून हसली. काका हसले नाहीत, पण त्यांनी मान वर केली.

फोन वाजला. कनुभाई. मोहनानं उचलला.

"बेन, लखाण?"

"लखो," ती म्हणाली, आणि एकेक शब्द सुटा करून सांगायला लागली. "दत्तात्रेय जगताप. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत कैदी. तिथे एका मुलीला साबण दिला. परत येऊन बडोद्याच्या रेल्वेत फिटर."

"साबु?" कनुभाईनं विचारलं. "पथ्थर पर साबु?"

"हां. साबु."

"थांब," जयवंतराव पाटावरून म्हणाले. मोहनानं फोनवर हात ठेवला. आता हे 'शूरवीर' घुसवणार, असं धरून तिनं उत्तरही तयार ठेवलं होतं.

"फिटर नाही," ते म्हणाले. "हेड फिटर. निवृत्त होताना हेड फिटर होते तात्या. वाढवून सांगत नाही. विचार नलूताईला."

"होते," आत्या म्हणाली.

"कनुभाई, हेड फिटर करो," मोहना म्हणाली. "आणि खाली माझं नाव टाका."

तिनं क्रूस कोरडा पुसला आणि तलवारीशेजारी न ठेवता विळी आणि कात्रीच्या मधे ठेवला. जयवंतरावांनी कुंकवाची वाटी पुढे ओढली, बोट बुडवलं, थोडा विचार केला आणि साल झाकलं जाणार नाही अशा बेतानं, क्रूसाच्या धार लावलेल्या हाताला कुंकवाचं लहानसं बोट टेकवलं.