पेजेतला कडवटपणा

मी एक जुना थर्मास आहे. बाहेरून स्टीलचा, आतून काचेचा, आणि बुडाशी पोचा आलेला. मित्रांनो, कोराडीच्या कॉलनीत राहणाऱ्या कामिनीताईंना त्यांच्या लग्नात चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी मला भेट दिलं. नाताळची गाणी गात पोरं दारात आली की माझ्यातला चहा त्यांना मिळायचा. ताईंचे यजमान रुपराव वीज केंद्रात कामाला होते. त्यांच्या ड्यूटीवरही मी जायचो. तेव्हा माझं फार कौतुक होई. पुढे घरात विजेची किटली आली आणि मी माळ्यावर गेलो.

मग ताईंना कॅन्सर निघाला. शहरातल्या दवाखान्यात किमो सुरू झाली आणि मला खाली काढून, घासूनपुसून पुन्हा कामाला लावलं. शेजारच्या गोपिकाकाकू तांदळाची पेज करून माझ्यात भरत. रुपराव मला पिशवीत घालून बसने नेत. निघण्याआधी ते ताईंच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत आणि म्हणत, "प्रभूच्या हाती सोपवलं आपण. आता चिंता नाही."

पण मला चिंता होती. पेज भरल्यावर माझं झाकण पुन्हा एकदा उघडे आणि पोटात काहीतरी कडू पडे. आतल्या अंधारात हात कोणाचा ते कळत नसे.

एक दिवस डॉक्टरांनी विचारलं, "लिव्हर बिघडलंय. घरचं काही औषध देता का?"

"नाही," रुपराव म्हणाले.

किमो थांबली. रविवारी उपासनेनंतर भेटायला आलेल्या बायका कुजबुजल्या, "शेजारीण पेजेत अंगाराबिंगारा तर टाकत नसन?" काकू चर्चच्या नव्हेत, घरी देवपूजा करणाऱ्या, म्हणून बोट तिकडेच गेलं. ताईंच्या मुलीने, करिष्माने, ते ऐकलं. खरं सांगतो, संशय मलाही आला.

दुसऱ्या दिवशी काकू पातेलं घेऊन आल्या. करिष्मा दारातच उभी राहिली. "राहू द्या काकू. आजपासून मीच करीन."

"काहून वं? काही चुकलं का मायं?"

करिष्माने दार लोटून घेतलं. काकू पातेलं घेऊन परत गेल्या.

आता पेज करिष्मा करू लागली. तरी तो कडवटपणा माझ्या पोटात पडतच राहिला. म्हणजे हात घरातलाच होता! पुढची तपासणी आणखी वाईट आली. त्या दिवशी दवाखान्यात मला विसळताना करिष्माला बुडाशी तपकिरी गाळ दिसला. तिने तो झाकणात ओतून वडिलांसमोर धरला.

"बाबा, पेज मी केली, पिशवी तुमच्याजवळ होती. हे काय आहे?"

रुपरावांची मान खाली गेली. "वाडीच्या एका वैद्यानं पुडी देल्ली. गाठ विरघळते म्हणे."

कामिनीताई खाटेवर उठून बसल्या. "तुम्ही त रोज म्हणता, प्रभूच्या हाती सोपवलं. मंग मले पुडी काहून?"

"विश्वास होता गं. पण तू डोळ्यासमोर वाळून राहिली होती. मले नुसतं बसवत नव्हतं."

ताईंनी झाकणातला तो गाळ बघितला. मग म्हणाल्या, "डॉक्टरले सांगा. अन् घरी गेलो का पहिले गोपिकाबाईच्या दारात जा. प्रार्थना मंग करू."

पुडी बंद झाली. लिव्हर हळूहळू सुधारलं, किमो पुन्हा सुरू झाली आणि पुरीही झाली. आता ताई तपासणीपुरत्याच शहरात जातात. डोक्यावर बारीक केस आलेत.

रुपराव आणि करिष्मा काकूंच्या दारात गेले होते. काकूंनी ऐकून घेतलं. एवढंच म्हणाल्या, "मले विचारलं असतं त सांगतलं असतं."

तपासणीच्या दिवशी काकू आजही पेज आणतात. पण आता सगळ्यांच्या देखत ओततात, आणि झाकण लावण्याआधी वाटीत थोडी घेऊन आधी स्वतः पितात.

"काकू, नका ना असं करू," करिष्मा रडवेली होऊन म्हणते.

"राहू दे वं. तुमच्या जिवाले बरं."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला पोचा आला तरी ती चालते. माणसाला जपून हाताळा. संशय आला, तर कुजबुजू नका, समोर बसून विचारा. इथे कोणी विचारलं नाही, म्हणून काकू अजून तो पहिला घोट घेतात, आणि घर खाली बघत उभं राहतं.