वीसपैकी एक

"बादली उघड्यावर असताना काठी वळते ना, हाब्बोकाका?" इम्के टामेननं विचारलं.

"तुमच्या डोळ्यांदेखत वळली की. दहाच्या दहा वेळा."

"मग आता झाकून बघू. अटी मान्य ना?"

"चाळीस वर्षं हेच करतोय, बाई. बादली कुठंही दडवा."

हाब्बो आयलर्स म्हणजे पूर्व फ्रिसलंडातल्या त्या पंचक्रोशीचा पाणाड्या. इम्के शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. तिच्या संशयवादी मंडळानं अग्निशमन दलाच्या शेडमध्ये दहा पिंपं पालथी मांडली होती. एकाखाली पाण्याची बादली, बाकीच्यांखाली काही नाही. दर फेरीची जागा चिठ्ठी टाकून ठरायची. असल्या विद्यांवर सरकारनं पैसा घालावा का, यावरून त्या हिवाळ्यात युरोपभरच्या वर्तमानपत्रांत रण माजलं होतं. ते वाचून हाब्बोनं आपणहून मंडळाला आव्हान दिलं होतं.

वीस फेऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी हातातली बेचक्याची काठी अशी खाली ओढली गेली की त्याचे तळवे लाल झाले.

"वीसपैकी एक," इम्केनं कागद वाचला. "अंदाजानं बोट ठेवलं असतं तरी दोन आले असते."

"पुन्हा वाचा."

तिनं पुन्हा वाचलं. हाब्बोनं शेवटच्या फेरीतलं पिंप स्वतः उचललं. खाली कोरडी फरशी.

"पण ओढ लागते हो. मी खोटं नाही बोलत."

"खोटं बोलता असं कोण म्हणतंय? हात नकळत वळतात, काका. मन असेल तिकडे."

हाब्बो तिथंच खाली बसला.

"मग थेडाचा पलंग?"

"कोण थेडा?"

"माझी बायको. पाठ दुखायची तिची. जमिनीखालच्या पाण्याचा दोष म्हणून काठी धरून मी तीनदा पलंग हलवला. ती म्हणायची, डॉक्टरला दाखवू या का? मी म्हणायचो, थांब, या कोपऱ्यात उतार पडेल. आठ महिने गेले. मग दाखवलं, तर कॅन्सर मणक्यात पसरलेला."

इम्के रागाला तोंड द्यायच्या तयारीनं आली होती. ती त्याच्याशेजारी फरशीवर बसली.

"लवकर दाखवून वाचली असती, असं छातीठोक सांगता येत नाही," ती म्हणाली. "वाचली नसती, असंही सांगता येत नाही."

"म्हणजे ते आता कळायचंच नाही."

"नाही, काका."

गावच्या पेपरचा बातमीदार घुटमळत जवळ आला. "नाव गाळू का?"

"नाव छापा. आकडाही छापा."

सोमवारी शेजारचा ओन्नो दारात उभा. "काका, काठी घेऊन चला. आमच्या फ्राउकेची कंबर महिनाभर धरलीये."

"पेपर वाचला नाहीस?"

"वाचला. त्या शहाण्यांचं काय मनावर घेता? माझी विहीर तुम्हीच दाखवलीत."

"इथं कुठंही खणलं तरी पाणी लागतं, ओन्नो. जा, तिला गाडीत बसव. मी येतो सोबत."

इस्पितळात नवरा-बायको तपासणीला आत गेली. दुपार उलटली. नर्सनं येऊन विचारलं, "आपण त्यांचे कोण?"

"शेजारी."

"वेळ लागेल अजून. घरी गेलात तरी चालेल."

हाब्बोनं मान डोलावली, पण तो उठला नाही. फ्राउकेचा कोट नीट घडी करून त्यानं मांडीवर ठेवला आणि दोन्ही हात त्यावर टेकवले.