काचेवर सही आधी करतात

आमच्या वृद्धाश्रमात शिरलं की समोरच्या भिंतीवर माझ्या नवऱ्याचा फोटो लागतो. खाली लिहिलंय, 'लोव्रो फुचेक, काचचित्रांचे थोर कलावंत, आमचे रहिवासी.' मीही इथलीच रहिवासी, त्याच्याच खोलीतली. पण भिंतीवर एकाचाच फोटो मावत होता म्हणे.

काचेवरचं चित्र मागच्या बाजूने रंगवतात. समोरून जे सगळ्यात पुढे दिसायला हवं ते आधी काढायचं. डोळ्यातला चमकता ठिपका आधी, मग डोळा, मग चेहरा. आधी फांद्यांची टोकं, मग झाड, मग घर, आणि आकाश सगळ्यात शेवटी. सही तर या सगळ्याच्या आधी, आणि तीही उलट्या अक्षरांत, म्हणजे समोरून सुलट वाचता येते. द्रावा नदीच्या काठी आमच्याकडे हे पोरासोरांनाही ठाऊक असतं.

लोव्रो रविवारी जेवण झालं की दहा-बारा कोऱ्या काचांवर सह्या करून ठेवायचा. मी त्या चुलीशेजारच्या फळीवर वाळत लावायची. मग आठवडाभर झाग्रेबहून, जर्मनीहून गिऱ्हाइकं यायची, तो त्यांच्याबरोबर आलुबुखारची दारू घेत ओसरीवर बसायचा, आणि मी मागच्या स्वयंपाकघरात त्याच्या नावापासून सुरुवात करायची. पहिली पाच-सहा वर्षं त्याने स्वतः रंगवलं, खोटं कशाला बोलू? नंतर कच्चं रेखाटन तेवढं त्याचं. नंतर तेही नाही. यावर आम्ही एकदाही भांडलो नाही. भांडलो ते कोंबड्यांवरून, दारूवरून आणि त्याच्या आईवरून.

आता त्याला कंपवात आहे. माझा उजवा डोळा गेलाच, डाव्याबद्दल डॉक्टर म्हणाले, हा हिवाळा निघेल, पुढचं मी सांगत नाही, बारीक काम असेल तर उरकून घ्या. उरकून घ्या! जसा काही मला कोबीच खारवायचा होता.

फेब्रुवारीत आश्रमाला तीस वर्षं होणार होती. रहिवाशांच्या कलाकामाचं प्रदर्शन ठरलं. आमच्या संचालिका म्लादेंकाबाई जेवणाच्या टेबलाशी आल्या आणि लोव्रोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "लोव्रोकाका, तुमचं एक तरी चित्र हवंच हं."

"हात ऐकत नाहीत हो," लोव्रो म्हणाला. "पण बघू."

खोलीत आल्यावर त्याने पलंगाखालची पेटी पायाने पुढे ढकलली. "त्रेझा, यात सही केलेल्या सात काचा आहेत. एक भरून टाक."

"मी नाही भरणार."

"का गं? डोळा दुखतोय?"

"मी माझं चित्र काढणार आहे. कोऱ्या काचेवर. माझ्या नावाचं."

तो हसला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. त्याने पेटी पायाने परत आत सारली. मग म्हणाला, "काढ की. तुला कुणी धरलंय?"

मंगळवारी जेवणघरात चित्रकलेचा वर्ग भरतो. कुणी कागदाची फुलं करतं, कुणी कोंबडा काढतं आणि तो बुटासारखा दिसतो. शेजारच्या खोलीतली गित्सा चित्र काढत नाही, ती येते नावं ठेवायला. तीस वर्षं टपाल वाटलंय तिने, गावात कुणाचं काय चाललंय हे तिला पाकिटावरून कळायचं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतूनही तिने पुष्कळ पाहिलं होतं. मी काच मांडली तशी ती ओरडली, "या रे या सगळे! त्रेझाबाई सही करतायत! चित्राचा पत्ता नाही, सही आधी. मंत्र्यांचं असतं तसं."

मी सगळ्यात बारीक कुंचला घेतला. माझी शाळा चौथीपर्यंत. नाव लिहायची वेळ आली ती पेन्शनच्या कागदांवर आणि सासूच्या मृत्यूच्या नोंदीवर. काळ्या रंगात, कोपऱ्यात, वळणदार अक्षरांत मी लिहिलं. गित्साने मोठ्याने वाचलं, "त्रेझा फुचेक!" टाळ्या पडल्या. लोव्रो खिडकीशी खुर्चीत बसला होता, हात मांड्यांखाली दाबून. तो उठला, टेबलाशी आला, काचेकडे बराच वेळ बघत उभा राहिला आणि काही न बोलता परत जाऊन बसला. मला वाटलं, झोंबलं त्याला. आणि मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते.

तीन आठवडे मी ते चित्र केलं. लोव्रोच्या नावाच्या चित्रांत कोंबडे असायचे, दारुडे असायचे, गवत कापणारे पुरुष असायचे. मी माझ्या आईच्या अंगणात सहा बायका बसवल्या, उश्या भरायला हंसांची पिसं काडीवरून सोलत. बाहेर बर्फ, अंगावर पिसं, काय कुठलं ते कळू नये असं. पुरुष एकही नाही. पिसाचा एकेक तंतू मी दोन केसांच्या कुंचल्याने ओढला. दुपारपर्यंत डोळ्यातून पाणी यायचं, मग गित्सा मला हात धरून खोलीत न्यायची.

काच मी मध्ये एकदाही उलटून पाहिली नाही. ते शिकाऊ लोकांचं काम. चाळीस वर्षांत मी कधी पाहिलं नाही आणि कधी फसले नाही. उजवीकडे चाललेली गाय समोरून डावीकडे चालली तर कुणाचं काय बिघडतं? आणि नाव लिहायचं काम तर माझ्याकडे कधी नव्हतंच.

प्रदर्शनाच्या आदल्या शुक्रवारी आकाश वाळलं. सगळे भोवती जमले आणि मी काच उलटली. मग गित्सा म्हणाली, "अगं, ही डावीकडची माझी आई आहे. अशीच ओठ दाबून बसायची." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने पुसलं आणि वाकून कोपऱ्यात पाहिलं. "आणि हे खाली काय लिहिलंयस? रशियन?"

मी वाकून डावा डोळा काचेला लावला. मी नाव लिहिलं होतं ते पेन्शनच्या कागदावर लिहितात तसं, सरळ. समोरून ते उलटं आलं होतं. खरवडावं तर त्यावर बर्फाचे तीन थर, नाव काढायला गेलं की अंगणाला भोक पडणार. लोव्रो खिडकीबाहेर बघत होता.

"काही बिघडत नाही हो काकू," म्लादेंकाबाई म्हणाल्या. "रुंद चौकट लावू, झाकून जाईल. खाली तुमच्या नावाची पाटी लावू. मग तर झालं?"

पाटी लागली. 'त्रेझा फुचेक, लोव्रो फुचेक यांच्या चित्रांवरून.' मी म्हटलं, निदान माझं नाव पहिलं आहे.

रविवारी झाग्रेबहून एक जाणकार गृहस्थ आले. सगळ्या भिंतींवरून भराभर नजर फिरवत आले आणि माझ्या चित्रापाशी थांबले. चष्मा कपाळावर ढकलून नाक काचेला लावलं. "बाई, ही पाटी चुकलीये," ते म्हणाले. "हा हात लोव्रो फुचेकांचा. त्यांच्या उत्तम दिवसांतला. असं पीस दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही."

सगळ्यांनी लोव्रोकडे पाहिलं. तो म्हणाला, "जुनं आहे."

"जुनं कसलं डोंबलाचं!" गित्सा कडाडली. "आमच्या डोळ्यांसमोर काढलंय तिने! लोव्रो, जीभ झडेल तुझी!"

गृहस्थ हसले, म्हाताऱ्यांकडे बघून लोक हसतात तसं. मी म्हटलं, "चौकट काढा."

"काकू, आत्ता नको ना," म्लादेंकाबाई म्हणाल्या.

"काढा म्हणते ना!"

चौकट काढली. कोपऱ्यात माझं नाव होतं. गृहस्थांनी ते मान वाकडी करून वाचलं आणि माझ्याकडे वळले, अगदी प्रेमाने. "आजी, तुम्ही रागावू नका. ज्याने ही पिसं काढली त्याला काचेवर सही कशी करतात एवढं कळत नसेल का? घरात कुणीतरी कोरी काच खराब केली असेल आणि त्यांनी तीच वापरली. काच तेव्हा मिळत कुठे होती?"

चुकलं होतं ते माझंच होतं, आणि माझ्याच हाताने. दुपारी चारच्या आत पाटी बदलली, नव्या पाटीवर नुसतं लोव्रोचं नाव. चौकटही पुन्हा लागली.

खोलीत आल्यावर लोव्रो पलंगावर बसून बुटाची नाडी सोडवत होता. बोटं नाडीवरून घसरत होती. मी दारातच उभी राहिले.

"तू त्या पहिल्या मंगळवारीच पाहिलं होतंस ना?"

"पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

त्याने मान वर केली नाही. "बोललो असतो तर तू दुसरी काच घेतली असतीस."

इतकं सरळ सांगितलं, जसं आज सूप खारट होतं म्हणावं. आमच्या लग्नाला चोपन्न वर्षं झाली. माझ्या हाताला तो एवढा घाबरून आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि कळून आता काही उपयोग नव्हता.

"त्रेझा," तो म्हणाला, "जरा नाडी सोड गं."

मी त्याला सांगितलं, ज्या हाताने सह्या केल्यास त्याच हाताने सोड, आणि दार लावून गित्साच्या खोलीत राहायला गेले.